४० घरांचा ओला कचरा आणि गच्चीवरची भाजी: हिशेब कसा बसवायचा?

मुलुंडची_गच्ची (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मुलुंड पूर्वेला आमची सात मजली सोसायटी आहे. ४० घरं, १९८९ चं बांधकाम. तीन आठवडे रोज वजन केलं तेव्हा ओला कचरा २३ ते २६ किलो भरला. गच्चीवर टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून साधारण २,४०० चौरस फूट मोकळी जागा आहे. मागच्या कंपाउंडला २० बाय ८ फुटांची पट्टी रिकामी आहे, शेजारी दोन गुलमोहर आणि एक पर्जन्यवृक्ष. ओल्या कचऱ्याचं खत, त्या खतावर गच्चीत भाजी, आणि भाजीचा काडीकचरा पुन्हा खतात, असं चक्र बसवायचं आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडायचा आहे, म्हणून आकडे पक्के हवेत.

काही सभासदांचं म्हणणं, खत गच्चीवरच करावं म्हणजे वर-खाली वाहतूक नको. ते बरोबर आहे का? हौद किती लागतील? स्लॅब किती वजन घेईल? पावसाळ्यात हे सगळं चालू ठेवायचं की बंद? पाणी कुठून आणायचं? आणि दर घरामागे किती भाजी मिळेल असं सभेत सांगावं? लावणी ऑक्टोबरात सुरू करायचा विचार आहे.

कुजवण_दादर

खत खाली, बाग वर. यात तडजोड नको. एक घनमीटर ओलं कुजतं खत ६०० ते ७०० किलो भरतं आणि ते सगळं वजन एका चौरस मीटरवर येतं. गच्चीचा स्लॅब त्यासाठी बांधलेला नसतो. शिवाय खताचा काळा पाझर कोब्यात मुरला की वरच्या मजल्याच्या छताला डाग आणि वास दोन्ही. चाळलेलं, सुकं खत पंधरा दिवसांतून एकदा लिफ्टने वर न्यायचं, तेही २० किलोच्या गोणीत. एवढी वाहतूक सहज जमते.

हौद: १ मीटर बाय १ मीटर बाय १ मीटरचे पाच. तुमच्या पट्टीत ओळीने बसतील. बाजू अर्ध्या इंचाच्या जी. आय. जाळीच्या किंवा फटी ठेवून रचलेल्या विटांच्या, पुढची फळी काढता येईल अशी. जाळी तळालाही हवी, नाहीतर घुशी खालून पोखरून येतात. तळ जमिनीपासून किमान ६ इंच उंच घ्या; कंपाउंडात पाणी तुंबत असेल तर दीड फूट. वर पत्रा, आणि तो चारही बाजूंनी दोन फूट बाहेर आलेला असावा. मुंबईचा पाऊस सरळ पडत नाही.

रोजच्या २४ किलोंसोबत बादलीच्या मापाने तेवढाच पाचोळा टाकला तर एक हौद साधारण १५ दिवसांत भरतो, कारण खालचा थर सतत बसत जातो. भरल्यावर त्याला ४५ दिवस द्यायचे. म्हणजे एक भरता हौद, तीन पिकणारे, पाचवा उलथण्यासाठी आणि चाळण्यासाठी. चार हौदांत काम भागवलंत तर उलथायला जागा उरत नाही, मग कोणी उलथत नाही, आणि वास सुरू होतो. बंद पडलेल्या सोसायट्यांमधलं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

रोजची कृती. कचरा दीड-दोन इंचाचा तुकडा होईल इतपत चिरायचा. केळीचे खांब, कणसं, फणसाची चारखंडं कोयत्याने तोडायची. पाणी निथळू द्यायचं. २४ किलो ओल्यामागे ६ किलो सुका पाचोळा, पावसाळ्यात ७ ते ८ किलो. मापाने पाहिलं तर एका बादलीला एक ते दीड बादली चुरलेला पाचोळा. एवढ्याने कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण २५ ला १ च्या आसपास येतं आणि ओलावा ६० टक्क्यांपाशी राहतो. विरजण म्हणून आधीच्या हौदातलं दोन घमेली खत पुरे. पहिल्या हौदाला शेण पाण्यात कालवून शिंपडा. दर थराच्या वर दोन इंच पाचोळा दिसायला हवा, ओला कचरा उघडा राहता कामा नये. चिलटं आणि कावळे दोन्ही त्यानेच थांबतात.

हौद भरल्यावर सहाव्या दिवशी पहिलं उलथणं, मग आठवड्याला एकदा. मध्यभागी लोखंडी सळई पाच मिनिटं खोचून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर ५५ अंशांच्या वर आहे, म्हणजे ठीक चाललंय. कोमट लागली आणि खत ओलं असेल तर हवा कमी पडतेय. मूठभर घेऊन पिळा: एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाचोळा वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी मारा.

वासावरून दोष ओळखता येतो. नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास आला तर हिरवं जास्त झालंय, सुकं कमी. सडक्या अंड्याचा आला तर आत पाणी साचून हवा बंद झालीय, त्याच दिवशी उलथा. पांढरट-करड्या, जाड, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. मात्र त्या फार झाल्या याचा अर्थ ढीग जास्त ओला आहे.

आता खरी अडचण. सगळे ओल्या कचऱ्याची काळजी करतात, टंचाई पडते ती पाचोळ्याची. रोज ६ किलो म्हणजे वर्षाला दोन टनांहून जास्त. तुमच्या तीन झाडांतून तेवढा मिळणार नाही, आणि जो मिळतो तोही बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. तेव्हा झाडलेला पाचोळा एक मूठही जाळू किंवा देऊन टाकू नका. चुरून, दाबून गोण्यांत भरा. उरलेलं असं भरून काढा: रसवंतीवाल्याची चिपाडं (दोन दिवस उन्हात वाळवून), नारळाच्या सोडणांचा भुसा, खोक्यांचा तपकिरी पुठ्ठा (चिकटपट्टी काढून, फाडून), सुताराकडचा भुसा. भुसा साध्या लाकडाचाच घ्या. प्लायवूड आणि एम. डी. एफ.चा नको, त्यात डिंक-रसायनं असतात. आणि चाळणीवर उरलेला जाड चोथा पुन्हा नव्या हौदात टाका. त्यानेच पाचोळ्याची गरज बरीच उतरते, शिवाय विरजणही आपोआप पडतं.

किती खत निघेल? ओल्या कचऱ्याच्या साधारण सहावा हिस्सा. महिन्याला ७२० किलो कचऱ्यातून ११० ते १३० किलो चाळलेलं खत धरा.

बीम_कॉलम

कुजवण यांच्या पहिल्या परिच्छेदाला पूर्ण दुजोरा. आता बागेचं वजन.

भारतीय मानक ८७५, भाग २ नुसार माणसांची ये-जा असलेल्या गच्चीला चौरस मीटरमागे १.५ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे १५० किलो एवढा वापरभार धरलेला असतो. एक फूट जाडीची ओली लाल माती चौरस मीटरला ५०० किलोच्या पुढे जाते. म्हणून मातीचे वाफे गच्चीवर करायचेच नाहीत.

फळांचे प्लास्टिक क्रेट घ्या, ६० बाय ४० सेंमीचे. त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खत आणि पाचोळा यांचं हलकं मिश्रण २० सेंमी भरलं की ४८ लिटर होतं, पूर्ण भिजल्यावर जवळपास ४० किलो. म्हणजे क्रेटखालच्या जागेवर चौरस मीटरला १६५ किलो. क्रेटला क्रेट चिकटवून गच्ची भरली तर मर्यादा तिथेच ओलांडली. पण ६० सेंमीची ओळ आणि शेजारी ६० सेंमीची वाट अशी मांडणी केली तर सरासरी ८० वर येते आणि माणसांसाठी वाव राहतो. ओळी बीमच्या रेषेवर आणि कठड्यालगत टाका, खालच्या खोलीच्या मधोमध नको. ८० क्रेटना वाटांसकट ४०-४२ चौरस मीटर लागतात, म्हणजे साडेचारशे चौरस फूट. तुमच्याकडे जागा भरपूर आहे, तरी पहिल्या वर्षी त्यापुढे जाऊ नका.

इमारत ३० वर्षांच्या पुढची आहे, तेव्हा महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली संरचनात्मक तपासणी तशीही लागतेच. त्याच अभियंत्याकडून गच्चीचा अनुज्ञेय भार लेखी घ्या आणि ठरावाला जोडा. मुंबईच्या खाऱ्या हवेत सळ्या गंजून काँक्रीट फुटलेलं असतं, आणि वर आधीच विटांचा कोबा, त्यावर पुन्हा दुरुस्तीचा थर असं वजन चढलेलं असतं. वरच्या मजल्याच्या छताला तडे, पोपडे किंवा ओल दिसत असेल तर आधी ती दुरुस्ती, मग बाग.

दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली, क्रेट थेट फरशीवर ठेवू नका. चार कोपऱ्यांना विटा देऊन चार इंच उचला. खालून झाडू फिरला पाहिजे आणि गळती दिसली पाहिजे. दुसरी, पन्हाळीच्या तोंडाची जाळी. क्रेटमधून वाहून आलेलं कोकोपीट ती बंद करतं, आणि गच्चीत नुसतं १० सेंमी पाणी साचलं तरी चौरस मीटरला १०० किलो भार आपसूक चढतो. जून ते सप्टेंबर ही जाळी एक दिवसाआड साफ करायची, आणि हे काम कोणाचं ते नावानिशी ठरवायचं. फटीत कावळ्यांनी टाकलेल्या बियांतून वड-पिंपळाचं रोप उगवलं की दोन पानांवर असतानाच मुळासकट काढा. लिफ्टची खोली, टाक्या आणि जिन्याचा दरवाजा यांकडे जाणारी वाट कायम मोकळी हवी. आग लागली तर गच्ची ही सुटकेची जागा आहे.

मायाळू_बोरिवली

लागवडीबद्दल लिहिते.

क्रेटला आतून हिरव्या शेडनेटचं अस्तर. मिश्रण मापाने: एक भाग खत, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चुरलेला पाचोळा किंवा वाळलेली चिपाडं, वर दोन मुठी साधी माती. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यायचं, त्यात मीठ असतं. नुसत्या खतात कधीही लावू नका. आपल्या स्वयंपाकातलं मीठ खतात उतरतं, आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाही. पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी होतात. एक तृतीयांशाचं प्रमाण त्यासाठीच.

खत पिकलंय का, हे आधी तपासा. ओलसर खत बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पावसाच्या मातीसारखा वास आला तर पिकलं, आंबूस आला तर अजून पंधरा दिवस. शिवाय वाटीत दहा मेथीदाणे पेरा, चार दिवसांत आठ उगवले पाहिजेत. कच्च्या खतात रोप लावलं तर कुजण्याचं काम मुळाशीच चालू राहतं, नत्र जिवाणूंकडे जातं आणि खालची पानं पिवळी पडतात. मग लोक खत कमी पडलं समजून आणखी कच्चं खत घालतात.

मिश्रण पहिल्या दोन महिन्यांत पाव हिस्सा खाली बसतं, तेवढी भर घालायची. पुढे दर ४५ दिवसांनी क्रेटमागे एक किलो खत. शेण-गोमूत्र मिळत असेल तर अमृतजल करा: १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाण्यात घालायचं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कँटीनचाच कचरा वापरून बाग उभी केली, त्या परंपरेत ही कृती रुळलेली आहे. मुळात उसाची चिपाडं आणि स्वयंपाकघरातला कचरा यांवर घराच्या गच्चीत पीक काढायची वाट कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने दाखवली.

हंगाम असे धरा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मुंबईचा खरा भाजीचा काळ: पालक, मेथी, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी, मिरची. टोमॅटो-वांग्याला क्रेटमागे दोनच रोपं. मार्च ते मे माठ, चवळी, गवार, मायाळू, वर ५० टक्क्यांची शेडनेट. या दिवसांत पालक आणि कोथिंबिरीच्या मागे लागू नका, लगेच तुरे येतात. जुलैत सांताक्रूझला सरासरी ८०० मिमीच्या वर पाऊस होतो. उघड्यावरची पालेभाजी त्या माऱ्याने झोपते आणि रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. तेव्हा पावसाळ्यात अळू, हळद, भेंडी, अंबाडी, आणि मांडवावर पडवळ, दोडका, दुधी. भेंडी मेअखेर पेरा, म्हणजे जोराचा पाऊस येईपर्यंत वीतभर झालेली असते. रिकाम्या राहणाऱ्या क्रेटवर चार इंच पाचोळा पसरा, नाहीतर पाऊस खतातलं सत्त्व पन्हाळीतून वाहून नेतो.

भेंडीची पानं पिवळ्या शिरांची झाली तर तो हळद्या, पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. औषध नाही, रोप उपटून टाका. पिठ्या ढेकणांवर लिटरमागे ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली साबणाचं पाणी, संध्याकाळी. मोठ्या आफ्रिकी गोगलगायी जुलैत कंपाउंडातून वर येतात. रात्री विजेरी घेऊन, हातमोजे घालून वेचायच्या, उघड्या हाताने नाही. कबुतरांसाठी मात्र जाळीशिवाय उपाय नाही. कोवळे कोंब ती एका सकाळीत संपवतात.

भाजी किती? क्रेटमधून माठ-पालकाची एक कापणी ३०० ते ५०० ग्रॅम. सगळ्या क्रेटची सरासरी, रिकामे दिवस धरून, महिन्याला अर्धा किलो सांगा. ८० क्रेटचे ४० किलो, म्हणजे घरामागे महिन्याला एक किलो. सभेत यापेक्षा मोठा आकडा सांगू नका. या कामाचा मोठा लाभ महिन्याला ७२० किलो कचरा गाडीत न जाणं हा आहे, आणि तो पहिल्या महिन्यापासून मिळतो.

मुलुंडची_गच्ची

मनापासून आभार. तीन शंका उरल्या. निम्म्या घरांत मासळी आहे. काटे, कोलंबीची सालं, तिसऱ्यांच्या शिंपल्या यांचं काय? घरोघरच्या आर. ओ. यंत्रांचं वाया जाणारं पाणी झाडांना चालेल का? आणि काही सभासद विचारतात की खत होतंय तर ते सगळं गच्चीवरच का वापरत नाही?

कुजवण_दादर

मासळी चालते, पण हौदाच्या मधोमध, जिथे सळई तापते तिथे एक फूट खोल पुरून, आणि मासळीच्या तिप्पट सुका पाचोळा सोबत. रोजच्या कचऱ्यात तिचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. कोलंबीची सालं चांगली कुजतात. तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि नारळाच्या करवंट्या वर्षानुवर्षं तशाच राहतात, त्या वेगळ्या काढायला सांगा. मासळीसाठी घरोघर वेगळा झाकणाचा डबा असेल तर झाडणाऱ्या बाईंना ती शोधत बसावं लागत नाही.

खत सगळं वर का नको? कारण ८० क्रेटना एकदा भरल्यावर महिन्याला ५० ते ५५ किलोच लागतं. निम्म्याहून जास्त खत उरणारच. ते गुलमोहराच्या आळ्यात, रस्त्याकडेच्या झाडांना, घरोघरच्या कुंड्यांना द्या. खत आहे म्हणून क्रेट वाढवायचे नाहीत. क्रेट किती ते स्लॅब आणि पाणी ठरवतं.

मायाळू_बोरिवली

पाण्याबद्दल. महापालिकेचं पाणी तलावांचं, कमी क्षाराचं असतं, म्हणून त्यावर चालणाऱ्या आर. ओ.चं टाकाऊ पाणीही झाडांना बहुधा सोसतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर नाही. टी. डी. एस. (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने मोजा, ५०० च्या आत असेल तर वापरा, आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने क्रेट भरपूर धुऊन काढा, म्हणजे साठलेले क्षार खाली जातील. वातानुकूलन यंत्राचं ठिबकणारं पाणी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम. आंघोळीचं साबणाचं पाणी पालेभाजीला नको. नाल्याचं पाणी तर कुठल्याही खायच्या पिकाला नाही, त्यात जड धातू आणि मैला दोन्ही असू शकतात. मे महिन्यात क्रेटमागे दिवसाला दोन ते अडीच लिटर लागेल, म्हणजे ८० क्रेटना जवळपास २०० लिटर. हा एक पिंप भरत नसेल तर उन्हाळ्यात निम्मे क्रेट पाचोळ्याने झाकून झोपवा.

पिंपाला घट्ट झाकण आणि झाकणाखाली बारीक जाळी. क्रेटखाली ताटल्या ठेवू नका. डेंग्यूचा डास ताटलीतल्या चमचाभर पाण्यातही अंडी घालतो, आणि गच्चीत डासांच्या अळ्या सापडल्या तर पालिकेची नोटीस सोसायटीला येते.

सुका_ओला_चेंबूर

वर कामाचा हिशेब कोणीच मांडलेला नाही, म्हणून लिहितो. २४ किलो कचरा चिरणं, थर लावणं, आठवड्याचं उलथणं, चाळणं हे रोजचं दीड ते दोन तासांचं काम आहे. ते सफाई कामगाराच्या आहे त्या पगारात ढकलू नका. वेगळं मानधन ठरावात लिहा. हातमोजे, गमबूट, लांब दांड्याचा पंजा, धनुर्वाताचं इंजेक्शन, हात धुवायला नळ आणि साबण हे खर्चाच्या यादीत आधी. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’मधून कचरावेचक बायकांना कंपोस्टचं प्रशिक्षण मिळालेलं आहे, अशा प्रशिक्षित हातांना काम दिलंत तर हौद नीट चालतो आणि त्यांना नियमित कमाई मिळते.

तुमची सोसायटी कचऱ्याच्या नियमांतल्या रोजच्या १०० किलोंच्या मर्यादेखाली आहे, त्यामुळे जागेवर खत करण्याची सक्ती तुमच्यावर नाही. म्हणूनच ठरावात हे स्वखुशीने आहे असं लिहा आणि वेगळा न केलेला डबा हौदापाशी स्वीकारला जाणार नाही, हे वाक्य ठळक घाला. एका घरातून आलेलं सॅनिटरी पॅड किंवा काच उलथणाऱ्याच्या हातात येते.

कुजवण_दादर

एक तारीख दुरुस्त करा. ८० क्रेटच्या पहिल्या भरणीला १,२८० लिटर, म्हणजे ७०० किलोच्या आसपास खत लागेल. पहिला हौद १ मेला सुरू केलात तर पहिलं खत जुलैच्या सुरुवातीला हातात येईल, आणि पुढे दर पंधरवड्याला साधारण ६० किलो. पावसात कुजणं थोडं मंदावतं ते धरता ऑक्टोबरपर्यंत ४०० किलोच्या आत-बाहेर. त्यामुळे सभेत ऑक्टोबरात ४० क्रेट आणि जानेवारीत उरलेले ४० असंच मांडा. सुरुवातीलाच बाहेरून खत विकत घेऊन ८० भरायचा मोह होईल. तसं केलंत तर आपल्या खतात मीठ किती, ते पिकलंय किती, हे पहिल्या हंगामात कळणारच नाही. आणि पाचोळ्याच्या गोण्या मेअखेरपर्यंत पत्र्याखाली, जमिनीपासून उंच रचून झाल्या पाहिजेत. जूनच्या पहिल्या सरीनंतर सुका पाचोळा कुठेच मिळत नाही.